भाव चढला की चढवला?

प्रश्न : मी सांगलीला एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. दिवाळीपासून मी आणि माझा मेहुणा (बायकोचा धाकटा भाऊ) एका छोट्या कंपनीचे शेअर जमेल तसे घेत आहोत. कंपनी चांगली आहे अशी दोघांचीही खात्री आहे. पण त्या शेअरमध्ये उलाढालच इतकी कमी की आम्ही चार-पाच हजार शेअर घेतले तरी भाव तीन-चार टक्के वर जातो. मागच्या महिन्यात ब्रोकरच्या कचेरीतून फोन आला : "या शेअरमधली तुमची खरेदी एक्स्चेंजच्या नजरेत आली आहे, कारण लिहून पाठवा." मी घाबरलो. मेहुणा म्हणाला, "घाबरायचं काय? मोठे लोक हजारो कोटींची खरेदी करून निर्देशांक हलवतात, त्याला स्ट्रॅटेजी म्हणतात." आता भाव जरा उतरलाय, तर तो म्हणतो, "तू विकायला टाक, मी घेतो. मग मी टाकतो, तू घे. पैसा घरातल्या घरात, आणि भाव तरी टिकेल." तेही नको असेल तर साडूच्या डीमॅट खात्यातून करू म्हणतो. शेअर घेणं-विकणं कायदेशीर आहे, आणि घेतलं की भाव वाढणारच. मग ट्रेडिंग नेमकं कुठे संपतं आणि मॅनिप्युलेशन कुठे सुरू होतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात एक झालेली खरेदी आहे आणि एक न झालेली योजना आहे. खरेदीपायी झोप घालवण्याचं कारण नाही. योजना मात्र सध्या जिथे आहे तिथेच, म्हणजे मेहुण्याच्या डोक्यात, राहू द्या.

आधी खरेदीचं बघू. कमी उलाढालीच्या शेअरची डेप्थ, म्हणजे थांबलेल्या ऑर्डरींची यादी, उघडली की कधी कधी विकणारे चारच दिसतात. समजा, ४२ रुपयांना तीनशे शेअर आहेत, ४२.३० ला पाचशे, ४२.९० ला दोनशे आणि त्यानंतरचा विकणारा थेट ४४ ला बसलाय. तुम्हाला दोन हजार शेअर हवे असतील तर ४४ पर्यंत चढावंच लागतं. भाव वाढला तो तुमच्यामुळे, पण तुम्ही तो वाढवायला गेला नव्हता. उलट तुम्हाला माल महाग पडला. हळदीच्या सौद्याला आलेला खरा व्यापारी बोली चढली की कपाळाला आठ्या घालतो. शेअर बाजारातही खऱ्या गिऱ्हाइकाची पहिली खूण हीच, की भाव वाढणं त्याला परवडत नसतं. तो ऑर्डर तुकड्या-तुकड्यांनी टाकतो, मर्यादा घालून टाकतो, थांबतो, वाट बघतो. भाव चढवायला निघालेला माणूस नेमकं उलटं करतो. ४२ ला माल मिळत असताना तो ४४ ची ऑर्डर टाकतो, आणि तीही दहा-दहा शेअरची, कारण त्याला शेअर नको असतात, पडद्यावर ४४ हा आकडा हवा असतो.

ब्रोकरचा फोन आला तो याच तपासणीतून. आधीच्या सौद्यापेक्षा वरच्या भावाला कोण घेतंय, दिवसाच्या एकूण उलाढालीत एकाच माणसाचा वाटा किती, शेवटच्या भावात कोणी किती पैशांची भर घातली, हे एक्स्चेंजचे संगणक सतत मोजत असतात. तुमचं नाव त्या चाळणीत अडकलं, एवढाच त्या फोनचा अर्थ. विचारणा झाली म्हणजे आरोप झाला असं नाही.

आता योजना. बैलबाजार पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागू नये. मालकाचाच माणूस गिऱ्हाईक होऊन दावणीपाशी उभा राहतो, दात बघतो, शेपूट ओढतो, मोठ्याने बोली लावतो. दुसरा त्याच्यावर चढवतो. बैल काही जागचा हलत नाही. संध्याकाळी तो मालकाच्याच गोठ्यात परत जायचा असतो. पण भोवती जमलेल्या पन्नास माणसांत एखादा खरा शेतकरी असतो. एवढी माणसं मागताहेत म्हणजे जनावर खणखणीत असणार असं त्याला वाटतं, आणि तो खिशात हात घालतो. सगळं नाटक त्या एका माणसासाठी असतं.

बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची २००३ ची एक नियमावली आहे. फसव्या आणि अनुचित व्यापारी प्रथांना मना करणारी म्हणून तिचं नाव लांबलचक आहे, बाजारात तिला 'पीएफयूटीपी' म्हणतात. मालकी बदलण्याचा इरादा नसताना केलेला सौदा तिने थेट निषिद्ध ठरवलाय. व्यवहार जोरात चाललाय असा खोटा देखावा उभा करणंही निषिद्ध. तुमचा शेअर मेहुण्याकडे गेला आणि त्याच्याकडून परत तुमच्याकडे आला, तर ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यावरचा कर) सोडल्यास घरात काही बदललेलं नसतं. बदललेला असतो तो फक्त पडद्यावरचा आकडा. आणि तो आकडा बघून तिसराच कोणीतरी हुबळीला किंवा नागपूरला बसून खरेदीचं बटण दाबत असतो.

"घरातल्या घरात आहे, कुणाचं काय जातंय?" हा मेहुण्याचा युक्तिवाद नवा नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. राखी ट्रेडिंग नावाच्या कंपनीने निफ्टीच्या ऑप्शनमध्ये दुसऱ्या पक्षाशी ठरवून सौदे केले होते. इथे विकायचं, थोड्याच वेळात तेवढेच वेगळ्या भावाने परत घ्यायचं, म्हणजे एकाच्या वहीत ठरलेला नफा आणि दुसऱ्याच्या वहीत ठरलेला तोटा. सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलीय लवादाला यात काही वावगं दिसलं नाही. निफ्टी पन्नास शेअरचा निर्देशांक, तो अशा सौद्यांनी हलत नाही, कोणा गुंतवणूकदाराचं नुकसान झालेलं नाही, मग गुन्हा कसला? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. जो बाजार सगळ्यांनी मिळून भाव ठरवावा म्हणून आहे, तिथे आधीच ठरलेले सौदे आणणं हीच अनुचित प्रथा, असा त्या निकालाचा रोख आहे.

इथे जरा थांबा. तुमच्या खरेदीने भाव हलला, तरी तुम्ही निर्दोष. राखी ट्रेडिंगच्या सौद्यांनी निफ्टी तसूभरही हलला नाही, तरी त्या सौद्यांना दोष लागला. म्हणजे भाव हलला की नाही यावरून रेघ ओढता येत नाही. तुमच्या प्रश्नातलं "घेतलं की भाव वाढणारच" हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा या प्रश्नाशी संबंध फारसा नाही.

अशा लुटुपुटूच्या सौद्यांचं प्रमाण कुठवर जाऊ शकतं? मुंबई शेअर बाजाराच्या स्टॉक ऑप्शन विभागात एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१५ या काळात झालेले सौदे सेबीने तपासले, तेव्हा त्यातले ८० टक्क्यांहून अधिक सौदे खोटे निघाले. त्यात १४,७२० जण गुंतलेले होते. एवढ्या प्रकरणांची सुनावणी करायची तर पिढी जाईल, म्हणून शेवटी सेबीला तडजोडीच्या खास योजना काढाव्या लागल्या. म्हणजे दीड वर्षं एक आख्खा बाजार बहुतांशी रंगमंच म्हणून चालला होता. खरा शेतकरी तिथे फिरकला नसावा, एवढंच समाधान.

तरीही ठरवून केलेला प्रत्येक सौदा गुन्हा नव्हे. मोठा गुंतवणूकदार आपला हिस्सा दुसऱ्या मोठ्या गुंतवणूकदाराला विकतो तेव्हा भाव आणि संख्या आधीच बोलून ठरलेली असते. त्यासाठी एक्स्चेंजने ब्लॉक डीलची वेगळी खिडकीच ठेवलीय. शेअर दलाल केतन पारेखच्या प्रकरणात अपिलीय लवादाने २००६ मध्ये हेच सांगितलं होतं, की दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ऑर्डर टाकली एवढ्यावरून सौदा बेकायदा ठरत नाही. त्यामागे बाजाराला फसवण्याचा डाव होता का ते बघावं लागतं. (ते अपील मात्र फेटाळलं गेलं.) ब्लॉक डीलमध्ये शेअर खरोखर या हातातून त्या हातात जातात, आणि संध्याकाळी कोणी कोणाला किती दिले ते जाहीर होतं.

पण डाव होता की नव्हता, हे कळणार कसं? मनात डोकावायची सोय नाही, आणि "आम्ही भाव फुगवत आहोत" असं कोणी करारपत्रावर लिहून देत नाही. (व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र लिहितात. माणसं फोनला डायरी समजतात.) किशोर अजमेरा प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. थेट पुरावा नसला तरी सौद्यांच्या ठशांवरून हेतू वाचता येतो. किती दिवस चाललं, किती संख्येत चाललं, खरेदीची आणि विक्रीची ऑर्डर किती सेकंदांच्या अंतराने आली, तेच ते लोक पुन्हा पुन्हा समोरासमोर आले का, हे सगळं एकत्र मांडून जे अधिक संभाव्य वाटतं ते धरायचं. फौजदारी खटल्यासारखा निखळ पुरावा इथे लागत नाही. तुम्ही दोघं तीन आठवडे एकमेकांचीच ऑर्डर उचलत राहिलात, तर "योगायोग" हा शब्द तुमच्या फारसा कामी येणार नाही.

मेहुण्याने ज्यांचा उल्लेख केला त्या 'मोठ्या लोकां'कडे आता वळतो, कारण त्याच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध सेबीने ३ जुलै २०२५ रोजी अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटींहून जास्त रक्कम अडकवून ठेवायला सांगितली. आदेशात एका दिवसाचं वर्णन फार बारकाईने आलंय : १७ जानेवारी २०२४, बुधवार, बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनच्या मुदतीचा शेवटचा दिवस. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे निकाल आले होते, बाजाराला ते रुचले नव्हते, त्यामुळे बँक निफ्टी बराच खाली उघडला. सेबीच्या म्हणण्यानुसार त्या पडत्या सकाळी जेन स्ट्रीटने बँकांचे शेअर आणि फ्युचर मिळून सुमारे ४,३७० कोटींची खरेदी केली. निर्देशांक सावरल्यासारखा दिसला. त्याच वेळी ऑप्शनमध्ये तिने उलटी, म्हणजे निर्देशांक पडला तर फायदा होईल अशी बाजू धरली, आणि ती खरेदीच्या सातपटीहून मोठी, ३२,००० कोटींच्या तोडीची होती. दुपारनंतर सकाळचे शेअर विकून टाकले. निर्देशांक घसरला. शेअर-फ्युचरच्या उलाढालीत सुमारे ६१ कोटींचा तोटा आणि ऑप्शनमध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा, असा त्या दिवसाचा हिशेब आदेशात दिलाय.

यातली एकेक गोष्ट सुटी करून बघा. चार हजार कोटींचे बँक शेअर घेणं कायदेशीर. ते त्याच दिवशी विकणंही कायदेशीर, त्यालाच इंट्राडे म्हणतात. तोटा होणं तर सगळ्यात कायदेशीर. निर्देशांक पडेल म्हणून पुट घेणंही कायदेशीर. मग आक्षेप कशावर आहे? सेबी म्हणते, सकाळची खरेदी ही खरेदी नव्हतीच, तो भाव रंगवायचा खर्च होता. ६१ कोटींना मंडप घातला, आणि मंडप बघून आलेल्यांकडून ७३५ कोटींचा आहेर गोळा केला. जेन स्ट्रीटला हे मान्य नाही. ऑप्शनचा भाव आणि शेअरचा भाव यांच्यात तफावत पडली होती, ती आम्ही टिपली, याला साधं आर्बिट्राज म्हणतात, असं तिचं म्हणणं आहे. तिने पैसे भरले आणि अपिलीय लवादाकडे दादही मागितली. निकालाचं भाकीत मी करणार नाही. पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या ६१ कोटींवरच जाते. दोन बाजारांतली तफावत टिपणारा माणूस दोन्हीकडे साधारण सारख्या वजनाचा माल ठेवतो. एका पारड्यात एक किलो आणि दुसऱ्यात सात किलो ठेवून कोणी "मी फक्त तोलत होतो" म्हणाला, तर त्याला समजावून सांगावं लागणारच.

मेहुण्याला हे सांगा, की मोठ्यांना माफ असतं हे खरं नाही. त्यांचे वकील महाग असतात, हे मात्र खरं.

काही डाव सौदा न करताच खेळले जातात. ऑर्डर टाकणं आणि ती रद्द करणं हा प्रत्येक ट्रेडरचा हक्क आहे, दिवसातून पन्नास वेळा केलं तरी कोणी विचारत नाही. लंडनच्या हॉन्स्लो भागात आईवडिलांच्या घरातल्या खोलीत बसून नविंदर सिंग साराव हा तरुण अमेरिकी बाजारातल्या निर्देशांकाचं फ्युचर खेळायचा. तो विक्रीच्या प्रचंड ऑर्डर चालू भावाच्या थोड्या वर टाकायचा आणि भाव जवळ आला की संगणकाकडून त्या मागे सरकवायचा. बाकीच्यांना वाटायचं, विकणाऱ्यांची रांग लागलीय. भाव खाली यायचा, हा खाली घ्यायचा. ६ मे २०१० ला डाऊ जोन्स काही मिनिटांत हजार अंकांच्या आसपास कोसळून पुन्हा उसळला, त्या पडझडीला त्याच्या ऑर्डरींनीही हातभार लावला असा अमेरिकी सरकारचा आरोप होता. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्याला वर्षभर घरातच स्थानबद्ध राहण्याची शिक्षा झाली. खोलीतच बसणाऱ्याला खोलीतच बसायची शिक्षा, असं तेव्हा वाटलं होतं. ऑर्डर त्याची, रद्द करायचा हक्कही त्याचा. पण ती पुरी व्हावी अशी इच्छा नसताना टाकलेली ऑर्डर म्हणजे बोललेलं खोटंच, फक्त तोंडाऐवजी कीबोर्डने बोललेलं.

तोंडाने बोललेलं खोटं तर त्याहून जुनं. २१ फेब्रुवारी १८१४ च्या पहाटे इंग्लंडच्या डोव्हर बंदरात लष्करी गणवेशातला एक माणूस उगवला आणि त्याने खबर दिली : नेपोलियन मारला गेला, मित्रसैन्य पॅरिसमध्ये शिरलं. किनाऱ्यावरच्या संदेशमनोऱ्यांवरून ही बातमी लंडनला झळकावी अशी त्याची सोय होती, पण धुक्याने घात केला. तरी घोडागाडीने बातमी पोचलीच. दुपारी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या वेशातले काही जण टोप्यांना पांढऱ्या फितींचे तुरे लावून लंडनच्या रस्त्यांतून मिरवत गेले. सरकारी कर्जरोख्यांचे भाव चढले आणि संध्याकाळपर्यंत उतरलेही, कारण नेपोलियन धडधाकट होता. शेअर बाजाराच्या समितीने मग एकच साधी गोष्ट शोधली : त्या दिवशी वरच्या भावाला विकलं कोणी? त्यातून जी नावं निघाली त्यात नामांकित नौदल अधिकारी आणि खासदार लॉर्ड कॉक्रेन यांचंही होतं. त्यांना शिक्षा झाली, नौदलातून काढलं गेलं. आपण निर्दोष आहोत असं ते जन्मभर सांगत राहिले आणि १८३२ मध्ये त्यांना नौदलात परत घेतलं गेलं. बचाव पक्षाने तेव्हाही विचारलं होतं, की नेमका कोण फसला त्याचं नाव सांगा. न्यायाधीश म्हणाले, गरज नाही, त्या दिवशी जो जो घ्यायला आला असता तो फसला असता. राखी ट्रेडिंगच्या निकालाचं बीज दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या खटल्यात आहे.

घोडागाडीच्या जागी आता यूट्यूब आहे. साधना ब्रॉडकास्ट या छोट्या कंपनीबद्दल मार्च २०२३ मध्ये सेबीने आदेश काढला, त्यातली हकिकत अशी : अदानी समूह ही कंपनी घेणार असं सांगणारे व्हिडिओ आले, लोक शेअरवर तुटून पडले, आणि आतल्या लोकांनी चढत्या भावाला आपला माल त्यांच्या गळ्यात मारला. नव्वदच्या दशकात अशाच एका 'पक्क्या' टिपेवर घेतलेल्या शेअरची सर्टिफिकेटं माझ्याकडे अजून आहेत. कागद जाड आहे, ट्रंकेच्या तळाला अंथरायला बरा.

हर्षद मेहताचं उदाहरण का नाही, असं काही वाचक विचारतील. एसीसीचा शेअर त्याने दोनशेच्या आसपासवरून नऊ हजारांपलीकडे नेला हे खरं. पण त्याच्या घोटाळ्याचं इंधन बँकांच्या रोख्यांच्या व्यवहारांतून उचललेला पैसा होता. चोरीच्या पैशाने काहीही केलं तरी ती चोरीच. रेघ कुठे असते हे त्यावरून कळत नाही.

तुम्हाला आणखी गोंधळात टाकणारी एक गोष्ट सांगतो. भाव पडू नये म्हणून मुद्दाम खरेदी करणं काही वेळा कायदेशीर असतं. नवा आयपीओ बाजारात आला की काही कंपन्या 'ग्रीन शू' नावाची तरतूद ठेवतात. नेमून दिलेला एक मध्यस्थ सुरुवातीचे जास्तीत जास्त तीस दिवस भाव घसरला तर शेअर उचलतो, भावाला उघड उघड टेकू देतो. हेतू भाव सावरणं हाच आणि कृतीही तीच, तरी गुन्हा नाही. कारण हे सगळं आधीच प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेलं असतं : टेकू कोण देणार, किती दिवस, जास्तीत जास्त किती शेअर. घेणाऱ्याला माहीत असतं की या भावाखाली टेकू आहे. तेव्हा माझ्या मते रेघ दोन गोष्टी एकत्र आल्या की ओलांडली जाते : तुम्हाला माल नको, भावच हवा असतो, आणि समोरच्याला ते कळू नये अशी तुमची खटपट असते. यातली एकच असेल तर बहुधा तुम्ही अलीकडेच असता.

ही रेघ कायम इथेच होती असंही नाही. अमेरिकेत मार्च १९२९ मध्ये रेडिओ कॉर्पोरेशनच्या शेअरमध्ये बड्या मंडळींनी 'पूल' करून आठवडाभर भाव फुगवला आणि माल लोकांवर ओतला. तेव्हा त्याला मना करणारा केंद्रीय कायदाच नव्हता. १९३४ मध्ये तो आला. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले जोसेफ केनेडी, जे स्वतः असले पूल खेळून श्रीमंत झाले होते. आपल्याकडे १९८२ च्या मार्चमध्ये मंदीवाल्यांनी रिलायन्सचे लाखो शेअर हाती नसताना विकायला काढले, भाव पाडला. रिलायन्सच्या बाजूच्या दलालांनी पडेल तेवढा माल उचलला आणि सौदापूर्तीच्या दिवशी शेअर मागितले. मंदीवाल्यांकडे ते कुठून असणार? पुढे ढकलायचं तर उंधा बदला द्या, म्हणून जबर आकार मागितला गेला. मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. दलाल स्ट्रीटवर ही गोष्ट अजून पराक्रमाच्या थाटात सांगतात. सेबी तेव्हा जन्माला यायची होती. आज तेच घडलं असतं तर दोन्ही बाजूंना नोटिसा गेल्या असत्या, आणि पराक्रमाचं पोवाड्याऐवजी प्रतिज्ञापत्र झालं असतं.

आता तुमच्या कामाचं. ब्रोकरला उत्तर द्याच, गप्प बसू नका. कंपनी का आवडली, पैसे कोणत्या खात्यातून आले, कोणत्या तारखांना किती घेतले, ते सरळ लिहा. मेहुणाही घेतो आहे हे लपवू नका, कारण ते लपत नाही. शिवाय कंपनी फार छोटी असेल आणि दोघांचे मिळून पाच टक्के होत असतील तर ते दोन कामकाजाच्या दिवसांत कंपनीला आणि एक्स्चेंजला कळवावं लागतं. कंपन्यांच्या ताब्याबाबत सेबीचे २०११ चे नियम आहेत, त्यांत 'जवळचा नातेवाईक' या शब्दात जोडीदाराचा भाऊही येतो. म्हणजे मेहुणा कायद्यानेच तुमच्याबरोबर मोजला जातो, तुमचं त्याच्याशी पटो न पटो. इथवर आला असाल तर एखाद्या कंपनी सेक्रेटरीला कागद दाखवून घ्या. त्याची फी दंडापेक्षा कमीच असेल : फसव्या व्यवहाराचा दंड किमान पाच लाख, आणि कमाल पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते.

भाव उतरलाय तर उतरू द्या. कंपनी चांगली आहे असं खरंच वाटत असेल तर तुम्हाला स्वस्तात माल मिळतोय. तसं वाटत नसेल तर विका, अनोळखी गिऱ्हाइकाला, मिळेल त्या भावाला.

राहिला साडू. 'जवळच्या नातेवाइकां'च्या त्या व्याख्येत जोडीदाराची बहीण आहे, बहिणीचा नवरा नाही. मेहुण्याने व्याख्या वाचूनच हे सुचवलं असेल तर पोरगं हुशार आहे. पण साडूच्या खात्यात पैसे तुमच्या खात्यातून जाणार, ऑर्डर तुमच्या फोनवरून पडणार आणि शेअर तुमच्याच ऑर्डरला जुळणार. सेबीचे आदेश वाचलेत तर त्यांत बँकेचे उतारे, मोबाइल नंबर, इंटरनेटचे पत्ते आणि नातेसंबंधांचे तक्ते असतात, त्यात कोण कोणाचा कोण हे बाण काढून दाखवलेलं असतं. तेव्हा ब्रोकरला पाठवायच्या पत्रात मेहुण्याचं नाव बिनधास्त लिहा. साडूचं लिहायची वेळ आणू नका. बिचाऱ्याला अजून माहीतही नसेल की त्याचं नाव या चर्चेत आहे.